वाचकांचे प्रश्न : कृषी मेळ्याला सहकुटुंब जाताना

पौष लागला की माळव्यातील आणि निमाडातील तालुक्याच्या गावांमध्ये कृषी मेळ्यांचे मांडव उभे राहू लागतात, आणि इंदूरच्या मराठी घरांतून या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषयही त्याबरोबर बदलतो. एरवी कुंडीतील मिरचीवरचा चुरडा-मुरडा रोग किंवा गच्चीवरील भाजीपाला यांविषयी विचारणाऱ्या वाचकांनी या वेळी मुलाबाळांना आणि वडीलधाऱ्यांना घेऊन मेळ्याला कसे जावे, तेथे काय पाहावे आणि काय घ्यावे, असे विचारले आहे. विषय माझ्या जिव्हाळ्याचा असल्यामुळे या अंकातील सर्व जागा त्याच पत्रांना देत आहे.

प्रश्न : आमच्या घरी यजमान, नऊ आणि तेरा वर्षांची दोन मुले आणि सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई आहेत. घरची शेती दोन पिढ्यांपूर्वी सुटली. मुलांना उभ्या पिकातला गहू ओळखता येत नाही, याची मला खंत वाटते. जवळच्या एखाद्या कृषी मेळ्याला सर्वांनी जावे असे मी सुचवले, तर यजमान म्हणाले, ‘आपल्याला ना पेरायचे ना ट्रॅक्टर घ्यायचा, आपले तिथे काय काम?’ मेळा कोणता निवडावा आणि एका दिवसात काय काय पाहावे? (एक वाचक, लोकमान्यनगर, इंदूर)

उत्तर : आपल्या यजमानांच्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण ती बहुतेक शहरी कुटुंबांच्या मनात असते. मेळा शेतकऱ्यासाठी भरतो, हे खरेच आहे. त्याला नवे वाण पाहायचे असते, अवजाराची किंमत विचारायची असते, पिवळे पडलेले पान खिशातून काढून शास्त्रज्ञाला दाखवायचे असते; तो त्याचा कामाचा दिवस असतो. परंतु त्याने पिकवलेले खाणारे आपण आहोत, आणि आपण कोणता गहू मागतो, डाग पडलेला टोमॅटो घेतो की बाजूला सारतो, यावर त्याने काय पेरावे आणि किती वेळा फवारावे हे पुष्कळ अंशी ठरते. म्हणून आपले तेथे काम आहेच. जत्रेत हौसे, नवसे आणि गवसे असे सारेच येतात; आपण विचारणारे म्हणून जावे, एवढेच माझे सांगणे आहे.

मेळे साधारणपणे दोन जातींचे असतात. कृषी विज्ञान केंद्रे, कृषी महाविद्यालये किंवा कृषी विभाग यांनी भरवलेले मेळे दोन-तीन दिवसांचे असतात आणि त्यांत पिकांची प्रात्यक्षिके, माहितीची दालने व शास्त्रज्ञांची व्याख्याने असतात. आपल्या जिल्ह्याचे कृषी विज्ञान केंद्र खंडवा रस्त्यावरील कस्तुरबाग्राम येथे आहे; तेथे चौकशी केल्यास जवळपासच्या कार्यक्रमांची माहिती मिळते. दुसरी जात जुन्या पशुमेळ्यांची. खरगोनला कुंदा नदीच्या काठी नवग्रह मंदिरापाशी भरणारा नवग्रह मेळा हे त्याचे आपल्या बाजूचे ठळक उदाहरण आहे. तो मोठा असतो, बरेच दिवस चालतो, आणि नर्मदा ओलांडून निमाडात तीन-चार तास प्रवास करावा लागतो. पहिल्या खेपेला मी आपल्याला तालुक्याच्या गावातला लहान मेळाच सुचवीन. मोठ्या प्रदर्शनात दालनापुढे उभा असलेला माणूस बहुधा कंपनीचा प्रतिनिधी असतो आणि तो हातात पत्रक देऊन पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो. लहान मेळ्यात मात्र टोपलीत लसूण घेऊन बसलेल्या माणसाने तो लसूण स्वतः लावलेला असतो, आणि मुलांच्या प्रश्नाला त्याच्याइतके चांगले उत्तर दुसरा कोणी देऊ शकत नाही.

उद्घाटनाचा दिवस टाळावा. त्या दिवशी भाषणे, हारतुरे आणि वाहनांची गर्दी यांतच सकाळ जाते. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ-साडेनऊला पोहोचावे आणि दुपारी जेवणाच्या वेळेपर्यंत परतावे.

सर्व मांडव पाहण्याचा अट्टाहास करू नये. मी तर सांगेन की पिकांची प्रात्यक्षिके, स्पर्धेसाठी मांडलेला शेतमाल आणि जनावरे या तीनच ठिकाणी थांबावे, पण प्रत्येक ठिकाणी भरपूर थांबावे. प्रात्यक्षिकाच्या वाफ्यात या दिवसांत गहू आणि हरभरा उभा असतो. तेथील माणसाला विचारून हरभऱ्याचे एखादे रोप मुळासकट उपटून घ्यावे आणि मुळांवरच्या बारीक गाठी मुलांना दाखवाव्यात. गाठ नखाने फोडली आणि आतून गुलाबी निघाली, तर ती काम करते आहे असे समजावे. तो गुलाबी रंग आपल्या रक्तातील हिमोग्लोबिनच्या कुळातल्याच एका प्रथिनाचा असतो. त्या गाठींत राहणारे जिवाणू हवेतला नत्र पिकाला वापरता येईल अशा रूपात बांधून देतात, आणि म्हणूनच हरभरा, सोयाबीन, तूर या पिकांना गव्हाच्या मानाने नत्राचे खत फार कमी लागते. आपल्या तेरा वर्षांच्या मुलाने किंवा मुलीने हे पाठ्यपुस्तकात वाचलेले असेल; तळहातावर गाठ घेऊन पाहिल्यावर ते कायमचे कळते. हरभऱ्याच्या पानांवर सकाळी आंब, म्हणजे आंबट दव असते. ती बोटाला लावून जिभेवर टेकवण्याचा मोह सर्वांना होतो, पण पिकावर फवारणी झाली आहे का, हे विचारल्याशिवाय तसे करू देऊ नये.

सासूबाईंना बरोबर नेत आहात, ही फार चांगली गोष्ट आहे. त्यांचे बालपण माळव्यात गेले असेल, तर त्यांनी पाहिलेली शेती आजच्या शेतीपेक्षा पुष्कळ वेगळी होती. आज पावसाळ्यात इंदूरहून कोणत्याही दिशेला निघाले तरी सोयाबीनच दिसते. परंतु या पिकाचा मोठा प्रसार १९७० नंतरच्या दशकांतला आहे. त्यापूर्वी खरिपात ज्वारी, कापूस, भुईमूग ही पिके असत, आणि बरीचशी काळी जमीन पावसाळ्यात मोकळी ठेवून, तिच्यात मुरलेल्या ओलीवर हिवाळ्यात गहू आणि हरभरा घेत. ती मोकळी राहणारी जमीन सोयाबीनने व्यापली आणि त्यामुळे माळव्यातल्या शेतकऱ्याच्या हाती वर्षाला दोन पिके आली. सोयाबीनच्या दालनापुढे उभे असताना हा बदल आजीने नातवंडांना सांगितला, तर त्या दालनातल्या माहितीपेक्षा तो अधिक मोलाचा ठरेल. खंडवा रस्त्यावर राष्ट्रीय सोयाबीन संशोधन संस्था आहे. मेळ्यात तिचे दालन असल्यास तेथे जरूर थांबावे.

आणखी एका दालनाविषयी मी आग्रहाने लिहितो, कारण इंदूरकरांनी ते ओलांडून पुढे जाणे मला बरे वाटत नाही. जवळजवळ प्रत्येक मेळ्यात कंपोस्ट आणि गांडूळखत यांचा एक कोपरा असतो आणि तेथे गर्दी नसते. काडीकचरा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर रचून, ते ठरावीक दिवसांनी खालीवर करून सुमारे तीन महिन्यांत उत्तम खत तयार करण्याची जी पद्धत जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून शिकवली जाते, ती आपल्या गावात घडली. १९२४ साली येथे स्थापन झालेल्या वनस्पती उद्योग संस्थेत सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी ती विकसित केली आणि १९३१ साली यशवंत वाड या आपल्या सहकाऱ्यासह तिच्याविषयीचे पुस्तक प्रसिद्ध केले. १९३५ साली हिंदी साहित्य संमेलनासाठी इंदूरला आलेल्या महात्मा गांधींनीही ही संस्था पाहिली होती. त्याच जागेवर आज कृषी महाविद्यालय आहे. घरातला ओला आणि सुका कचरा वेगळा करण्याची सवय आपल्या मुलांना लागलेलीच आहे; त्या ओल्या कचऱ्याचे शेतात काय होऊ शकते, हे त्यांना त्या कोपऱ्यात हाताने चाचपून पाहता येईल. चांगल्या मुरलेल्या खताला दुर्गंधी येत नाही, पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा वास येतो.

प्रश्न : आमची सहा वर्षांची मुलगी प्राण्यांच्या बाबतीत फार हळवी आहे. वेसण घातलेले, दाव्याला बांधलेले बैल पाहून तिला वाईट वाटेल का, आणि तिने विचारले तर काय सांगावे? तिच्या सुरक्षिततेचीही काळजी वाटते. (एक वाचक, राजेंद्रनगर, इंदूर)

उत्तर : तिला वाईट वाटण्याची शक्यता आहे, आणि तेवढ्यासाठी नेणे टाळावे असे मला वाटत नाही. सहा वर्षांच्या मुलीला खरे उत्तर तिला पेलेल एवढ्याच शब्दांत द्यावे. बैल माणसाहून कितीतरी वजनदार असतो. नाकाचा पडदा नाजूक असल्यामुळे वेसणीच्या हलक्या ओढीने त्याला थांबवता येते. ओढ हलकीच असली पाहिजे, हे चांगल्या मालकाला ठाऊक असते. शिंगे तासून रंगवलेला, अंगावर चमक असलेला, मालकाच्या आवाजाला कान देणारा बैल आणि पाठीवर वळ उठलेला बैल यांतला फरक लहान मुलांच्याही लक्षात येतो. जनावराला मारहाण होताना किंवा त्याला पाण्यावाचून उन्हात ठेवलेले दिसले, तर मालकाशी वाद न घालता मेळ्यातील पशुवैद्यकीय शिबिरात जाऊन सांगावे. प्राण्यांना क्रूरपणे वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० पासून आपल्याकडे आहे, आणि शिबिरातील डॉक्टरांच्या शब्दाला तेथे वजन असते.

आपल्या भागातील दोन जाती तिला ओळखायला शिकवाव्यात. माळवी गोवंश पांढरा किंवा करडा असतो, आणि बैलांच्या मानेवर व खांद्यावर गडद छटा असते. निमाडी गोवंश तांबडा असून त्यावर पांढरे ठिपके किंवा पट्टे असतात. गीर आणि खिल्लार या जातींच्या संकरातून तो आला असावा, असे मानले जाते. दोन्ही जाती मुख्यतः ओढकामासाठी जोपासलेल्या आहेत, आणि ट्रॅक्टर आल्यापासून त्यांची गरज कमी होत गेली आहे. बैलजोडी विकायला आणलेल्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला त्या जोडीविषयी विचारले, तर तो किंमत सांगण्याआधी तिची नावे सांगतो. माझ्या मते मुलीने ऐकावे असे मेळ्यात याहून चांगले काही नाही.

गिऱ्हाईक बैलाचे तोंड उघडून दात का पाहते, हेही तिला दाखवावे. वासराच्या पुढच्या दुधाच्या दातांच्या जागी खालच्या जबड्यात कायमचे दात जोडीजोडीने येतात. पहिली जोडी साधारण दोन ते अडीच वर्षांची असताना येते, म्हणजे तो दोनदाती. पुढे चारदाती, सहादाती, आणि साडेचार-पाच वर्षांचा झाला की आठही दात पुरे होऊन तो जुळलेला. गुरांना वरच्या जबड्यात पुढचे दात नसतातच, हे ऐकून तिला नक्कीच नवल वाटेल. दात पाहण्याचे काम मात्र मालकानेच करावे.

सुरक्षिततेचे नियम थोडे आहेत, पण ते कडक आहेत. जनावराच्या मागून कधीही जाऊ नये. बाजूने, त्याला आपण दिसू अशा रीतीने जावे. दोन बैलांच्या मधल्या जागेत मुलाला शिरू देऊ नये. मालकाची परवानगी मिळाल्यावर मानेला किंवा खांद्याला हात लावावा, तोंडाला आणि शेपटीला लावू नये. तान्हे वासरू कितीही गोड दिसले तरी गाईच्या आणि वासराच्या मध्ये उभे राहू नये. लाल कपड्यांना बैल भुजतो, ही समजूत चुकीची आहे. तो भुजतो तो अचानक हालचालीला, आवाजाला, फडफडणाऱ्या कापडाला. त्यामुळे मुलीच्या हातात फुगा किंवा पिपाणी देऊन तिला गुरांच्या बाजूला नेऊ नये. कच्चे दूध कोणी प्रेमाने दिले तरी नम्रपणे नाकारावे, कारण त्यातून काही आजार माणसाला होतात. गुरांना हात लावल्यानंतर खाण्यापूर्वी साबणाने हात धुवावेत. लम्पी त्वचारोगाची धास्ती काही वाचकांनी कळवली आहे. २०२२ साली या रोगामुळे अनेक ठिकाणचे गुरांचे बाजार बंद ठेवावे लागले होते. तो माशा, डास आणि गोचिडी यांच्यामार्फत गुरांत पसरतो, माणसांना होत नाही.

प्रश्न : वडिलांना दम्याचा त्रास आहे आणि आईचे गुडघे दुखतात. दोघांचीही येण्याची इच्छा आहे. न्यावे का? (एक वाचक, सुदामानगर, इंदूर)

उत्तर : आईंना न्यावे. घडीचा स्टूल गाडीत ठेवावा, पुढून बंद आणि रबरी तळ असलेली पादत्राणे घालायला सांगावीत, आणि पोहोचताच स्वच्छतागृह कोठे आहे ते आधी पाहून घ्यावे. लहान मेळ्यांत ते बहुधा शेजारच्या शाळेत किंवा पंचायतीच्या इमारतीत असते. वडिलांच्या बाबतीत डॉक्टरांना विचारल्याशिवाय ठरवू नये. मळणी यंत्राचे प्रात्यक्षिक आणि गुरांचा बाजार या दोन्ही ठिकाणी भुसा आणि धूळ असते, आणि दम्याच्या रुग्णाने तेथे जाऊ नयेच. सकाळी लवकर, पाणी मारलेल्या मांडवांमध्ये तासभर फिरून ते गाडीत विसावू शकत असतील, आणि डॉक्टरांची हरकत नसेल, तर न्यायला हरकत नाही. इनहेलर खिशात असावा, पिशवीत नको.

प्रश्न : वर्षाचा गहू मेळ्यातच थेट शेतकऱ्याकडून घ्यावा असा विचार आहे. बाफल्यांसाठी आणि पोळ्यांसाठी कोणता घ्यावा? भाव करावा का? आणखी काय घेण्यासारखे असते? (एक वाचक, टिळकनगर, इंदूर)

उत्तर : थेट शेतकऱ्याकडून घेण्याचा विचार उत्तम आहे, परंतु वर्षाचा गहू जानेवारीत घेऊ नये. माळव्यातला नवा गहू मार्च-एप्रिलमध्ये निघतो. मेळ्यात आता जो मिळेल तो मागच्या हंगामाचा असेल. मेळ्यात दोन-तीन शेतकऱ्यांकडून पाच-पाच किलो घ्यावा, घरी दळून आणि रांधून पाहावा, आणि जो आवडेल त्याच्याकडे नव्या गव्हाची आगाऊ मागणी नोंदवावी. शेतकऱ्यालाही असे गिऱ्हाईक हवे असते, कारण मळणीच्या दिवसांत सगळा माल एकदम बाजारात आला की भाव उतरतो.

बाफले (म्हणजे उकडून भाजलेल्या बाट्या), साध्या बाट्या, रवा आणि लापशी यांसाठी कठिया गहू घ्यावा. हा दाणा कठीण, काचेसारखा आणि पिवळसर असतो. माळव्याची काळी जमीन आणि येथील कोरडा हिवाळा त्याला मानवतो. भारतीय कृषी संशोधन संस्थेचे गहू संशोधन केंद्र इंदूरला आहे आणि पूसा तेजस म्हणजे एच. आय. ८७५९ हा कठिया वाण तेथलाच. नावातला ‘आय’ इंदूरचा आहे. मऊ पोळ्यांसाठी मात्र कठिया एकट्याने वापरू नये, त्याची कणीक पुरेशी ताणली जात नाही. पोळ्यांसाठी शरबती किंवा लोक-१ घ्यावा. आपल्या घरांत लोकवन म्हणून ओळखला जाणारा गहू तो हाच. सौराष्ट्रातील सणोसरा येथील लोकभारती संस्थेत हा वाण तयार झाला. शरबतीच्या बाबतीत सावध राहावे. सीहोरच्या शरबतीला २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि तेव्हापासून हे नाव कोणत्याही चकचकीत गव्हाला लावले जाते. विकणाऱ्याला शेत कोठे आहे, पाणी किती दिले आणि एकरी उतारा किती आला, हे विचारावे. ज्याने पिकवला त्याला ही उत्तरे तोंडपाठ असतात.

दाणा दाताखाली धरला असता कट्‌कन फुटला पाहिजे. दबला, तर ओल आहे आणि साठवणीत कीड लागेल. एप्रिल-मेच्या उन्हात दोन दिवस वाळवून, थंड झाल्यावरच कोठीत भरावा. गरम गहू भरल्यास आत बाष्प धरते. एरंडेलाचा हात लावण्याची आपल्या आज्यांची रीत आजही चांगली आहे.

भाव करण्याविषयी माझे मत स्पष्ट आहे. कंपनीच्या दालनावर अवश्य करावा. स्वतः पिकवलेला माल घेऊन बसलेल्या शेतकऱ्याशी दोन-पाच रुपयांसाठी घासाघीस करू नये. फार तर अडत्याकडे काय भाव मिळतो ते विचारावे आणि त्याहून बऱ्यापैकी अधिक द्यावा. किराणा दुकानापेक्षा तो भाव बहुधा कमीच असतो, म्हणजे दोघांचाही त्यात लाभ आहे.

याखेरीज या दिवसांत गराडू जरूर घ्यावा. सराफ्यात तळून जिरावन मसाला भुरभुरवलेला गराडू आपण सर्वांनी खाल्ला आहे, पण मातीने माखलेला, वेडावाकडा कंद मुलांनी क्वचितच पाहिलेला असतो. चिरताना हाताला खाज येते, म्हणून आधी तेलाचा हात लावावा. काबुली डॉलर चणा, नवा लसूण, चिप्सचा बटाटा आणि निमाडातली सुकी लाल मिरची हेही पाहावे. खरगोन जिल्ह्यातील बेडिया हे मिरचीच्या मोठ्या बाजारांपैकी एक आहे.

प्रश्न : बँकेतून निवृत्त झाल्यावर देवासजवळ पाच बिघे जमीन घेतली आहे. मुलगा, सून आणि नातू यांच्यासह मेळ्याला जाऊन सोयाबीनचे बियाणे आणि एखादे यंत्र घ्यावे म्हणतो. कशाकडे लक्ष द्यावे? (एक वाचक, देवास)

उत्तर : पहिल्या भेटीत काहीही विकत घेऊ नये, अशी माझी आपल्याला मनापासून विनंती आहे. त्याऐवजी शेतातली माती घेऊन जावी. शेतात आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्हीच्या आकाराचा सुमारे १५ सेंटिमीटर खोल खड्डा करून त्याच्या कडेची माती घ्यावी, सर्व एकत्र मिसळून, सावलीत वाळवून त्यातली अर्धा किलो कापडी पिशवीत भरावी. बांधाजवळची, झाडाखालची आणि खताच्या ढिगाजवळची माती घेऊ नये. २०१५ पासून सुरू असलेल्या मृदा आरोग्य पत्रिकेच्या योजनेत सामू (पी.एच.), क्षारता, सेंद्रिय कर्ब, मुख्य अन्नद्रव्ये आणि जस्त-लोहासारखी सूक्ष्म अन्नद्रव्ये धरून १२ गोष्टी तपासल्या जातात. मेळ्यात कृषी विभागाच्या दालनावर नमुना स्वीकारतात का, ते आधी विचारून घ्यावे.

सोयाबीनची पेरणी जूनच्या अखेरीस किंवा जुलैच्या आरंभी होते. जानेवारीत घेतलेले बियाणे तोवर उन्हाळ्यातून जाते, आणि सोयाबीनच्या दाण्याचे साल इतके पातळ असते की पोते उंचावरून आपटले तरी उगवणशक्ती घटते. मेळ्यात वाणांची माहिती घ्यावी, खरेदी मे महिन्यात करावी. पिशवीवरची चिठ्ठी पाहावी : वाणाच्या मूळ म्हणजे पैदासकार बियाण्याला पिवळी, त्यापासून वाढवलेल्या पायाभूत बियाण्याला पांढरी आणि शेतकऱ्याने पेरायच्या प्रमाणित बियाण्याला निळी चिठ्ठी असते. प्रमाणित सोयाबीनची उगवण किमान ७० टक्के असावी लागते. पेरणीपूर्वी ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून नातवाला मोजायला द्यावेत; सत्तरांपेक्षा कमी उगवले तर ते बियाणे पेरू नये.

यंत्रांबाबत आधी भाड्याचा विचार करावा. पाच बिघ्यांसाठी पेरणी यंत्र किंवा मळणी यंत्र विकत घेणे परवडत नाही आणि कस्टम हायरिंग केंद्रांतून ती भाड्याने मिळतात. रुंद वरंबा आणि सरी पाडून पेरणारे यंत्र मात्र मेळ्यात चालताना पाहावे. काळ्या जमिनीत जादा पाऊस झाला तर पाणी सरीतून निघून जाते आणि ताण पडला तर ओल टिकते, म्हणून सोयाबीनसाठी ते फार उपयोगी आहे. ‘आजच नोंदवा, अनुदान आम्ही मिळवून देतो’ असे कोणी म्हणाले तर पैसे देऊ नयेत. अनुदानाचा अर्ज शासनाच्या पोर्टलवर आपल्या नावाने करावा लागतो.

नातवाला यंत्रांच्या प्रात्यक्षिकापासून दूर उभे करावे, आणि सूनबाईंनी पदर किंवा ओढणी खोचून घ्यावी. ट्रॅक्टरच्या मागचा, जोडलेले यंत्र फिरवणारा पी.टी.ओ. दांडा मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. कापडाचे टोक त्यात अडकले तर सोडवण्याइतका वेळ माणसाला मिळत नाही. मळणी यंत्रांत हात गमावणाऱ्यांची संख्या वाढल्यामुळेच १९८३ साली धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा करावा लागला. ज्या दालनात दांड्यावर आच्छादन नसलेले यंत्र चालवून दाखवत असतील, त्या दालनातून काहीही घेऊ नये.

प्रश्न : मी आठवीत शिकते. मेळ्यावर प्रकल्प लिहायचा आहे. शेतकऱ्यांना त्यांचे उत्पन्न किती, असे विचारले तर चालेल का? आणि फोटो काढू का? (एक विद्यार्थिनी, रामबाग, इंदूर)

उत्तर : बाळ, अनोळखी माणसाला एकदम उत्पन्न विचारू नये, आपल्या बाबांना कोणी तसे विचारलेले आपल्यालाही आवडणार नाही. एकच पीक आणि एकच शेतकरी निवड, काका किंवा काकू म्हणून नमस्कार कर, गिऱ्हाईक नसताना त्यांच्याजवळ बस आणि त्या पिकाची पेरणीपासूनची हकीकत विचार. बियाणे कोठून आणले, पहिला पाऊस कधी झाला, दुबार पेरणी करावी लागली का, कोणती कीड आली, मजूर मिळाले का, माल कोठे आणि कोणत्या दिवशी विकला, असे प्रश्न क्रमाने विचारत गेलीस की खर्च आणि भाव यांचे बोलणे तेच काढतील. तेव्हा किमान आधारभूत भाव आणि हाती पडलेला भाव हे दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहून घे. २०२४-२५ साठी सोयाबीनचा आधारभूत भाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. त्या हंगामात बाजारातला भाव त्याच्या खाली राहिला, आणि मध्य प्रदेशात सरकारला आधारभूत भावाने खरेदी करावी लागली. तुझ्या शेतकऱ्याने तेव्हा माल ठेवला, सरकारी केंद्रावर नेला की मिळेल त्या भावाने विकला, आणि तसे का केले, एवढ्यावर तुझा अर्धा प्रकल्प उभा राहील.

फोटो विचारून काढ. होळीपूर्वी झाबुआ-अलीराजपूरकडे भरणाऱ्या भगोरिया हाटात पुढे कधी गेलीस तर हे विशेष पाळ, कारण तेथे नटूनथटून आलेल्या भिल्ल मुलींचे फोटो न विचारता काढणारे शहरी लोक पुष्कळ असतात. कोणी नको म्हटले तर कारण विचारू नकोस, वहीत चित्र काढ. प्रकल्प पुरा झाला की त्याची एक प्रत त्या शेतकऱ्याला टपालाने पाठव. त्यासाठी गावाचा पिन कोड त्याच दिवशी लिहून घे.